‘नुसती बालवाडी’ म्हणू नका!

बारावीचा किंवा पदवीचा निकाल लागला, की घरोघरी एकच प्रश्न सुरू होतो, ‘पुढे काय?’ इंजिनीअरिंग म्हटलं की माना डोलतात. सीए म्हटलं की कौतुक होतं. एमपीएससी म्हटलं तर ‘जमेल ना?’ अशी काळजी असते, पण त्या काळजीतही आदर असतो. आणि एखादीनं ‘मला बालशिक्षणात काम करायचंय’ असं सांगितलं तर? क्षणभर सगळे गप्प. मग कुणीतरी काका विचारतात, ‘म्हणजे नुसती बालवाडी?’ मावशी समजूत काढते, ‘बरंय गं, अर्ध्या दिवसाचं काम. लग्नानंतरही करता येईल.’ हेच वाक्य घरातला मुलगा बोलला, तर काय होईल याची कल्पना तुम्हीच करा!

आज भांडायचंय ते या ‘नुसती’ शब्दाशी. कारण त्यामागे एक पक्का समज आहे. मूल जितकं लहान, तितकं त्याला शिकवणाऱ्याला कमी यायला हवं, असा तो समज. म्हणून महाविद्यालयात शिकवायला पीएच.डी. आणि बालवाडीत शिकवायला ‘मुलांची आवड’ पुरे! पगार, प्रशिक्षण आणि समाजात मिळणारा मान हे सगळं मग याच उतरंडीनं ठरतं. वस्तुस्थिती मात्र नेमकी उलटी आहे. मेंदूच्या एकूण वाढीपैकी ८५ टक्क्यांहून जास्त वाढ वयाच्या सहा वर्षांच्या आत होते, असं आपलं २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणच सांगतं. ज्या वयात सगळ्यात जास्त घडतं, त्या वयाकडेच आपण सगळ्यात कमी तयारीची माणसं पाठवतो. गंमत आहे की नाही?

एका सकाळी काय काय घडतं

एखाद्या चांगल्या बालवाडीत तासभर कोपऱ्यात बसून बघा. तीन ते पाच वर्षांची पंचवीस मुलं. एकाची आई आत्ताच गेलीय, त्याचं रडं थांबत नाहीये. दोघं एकाच गाडीसाठी ओढाताण करतायत. एक मुलगी आठवडाभर एक शब्दही बोललेली नाही. ती लाजाळू आहे, तिला कमी ऐकू येतं, की तिच्या घरी बोलली जाणारी भाषाच वेगळी आहे? पलीकडे एक पठ्ठ्या खडे लहान-मोठे असे रांगेत लावत बसलाय.

आपल्याला दिसतं, ‘मुलं खेळतायत.’ ताईला दिसतं ते वेगळं. खडे रांगेत लावणाऱ्याची गणिताची पायाभरणी चाललीय. मणी ओवणाऱ्या बोटांना उद्या पेन्सिल धरायचीय. बडबडगीतावर टाळ्या वाजवताना शब्दातले आवाज सुटे सुटे ऐकू यायला लागतात, पुढे वाचन शिकताना तेच कामाला येतात. गोष्ट मध्येच थांबवून ताई विचारते, ‘आता माकड काय करेल?’ तेव्हा मूल अंदाज बांधायला, कारण द्यायला शिकतं. गाडीवरचं भांडण ती स्वतः सोडवत नाही, दोघांनाच बोलायला लावते. आणि न बोलणाऱ्या मुलीची वहीत नोंद करते, तिच्या आईशी बोलायचं ठरवते, गरज वाटली तर कान तपासायला सांगते.

यातलं काहीही आपोआप घडत नाही. कुठलं साहित्य कुठे ठेवायचं, किती वेळ बसवायचं, कधी पळू द्यायचं, कधी गप्प राहायचं, हे सगळं शिकून येतं. वर दुपारी पालक दारात उभे असतात, ‘मॅडम, एबीसीडी लिहायला कधी शिकवणार? शेजारच्या मुलीला तर पन्नासपर्यंत आकडे येतात.’ त्यांना न दुखावता समजावणं हाही कामाचाच भाग. तीन वर्षांच्या मुलाच्या हातात जबरदस्तीनं पेन्सिल देणं म्हणजे शिक्षण नव्हे, हे मुलाला सांगावं लागत नाही. मोठ्यांना सांगावं लागतं.

हे आपल्याच मातीतलं काम

हे सगळं परदेशातून आलेलं फॅड आहे, असं कुणी म्हणालं तर त्याला पालघर जिल्ह्यात पाठवा. ताराबाई मोडक या पदवीधर बाई राजकोटच्या महिला अध्यापन महाविद्यालयातलं प्राचार्यपद सोडून भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत काम करायला गेल्या. गिजुभाईंनी तिथे १९२० मध्ये बालमंदिर सुरू केलं होतं. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. म्हणजे बालशिक्षणाला वाहिलेली संघटना आपल्याकडे उभी राहिली, त्याला २०२६ मध्ये शंभर वर्षं होतात.

शहरातल्या बालमंदिरात सुखवस्तू घरातली मुलं येत होती. ताराबाईंना प्रश्न पडला, खेड्यातल्या, आदिवासी पाड्यावरच्या मुलांचं काय? १९४५ मध्ये त्या बोर्डीला आल्या, सोबत अनुताई वाघ. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच पाड्यावर न्यायची, त्यांच्या अंगणात भरवायची असं त्यांनी ठरवलं. अंगणवाडी हा शब्द आज देशभर सगळ्या भाषांत चालतो, त्यामागे ही कल्पना आहे. गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी तर कुरणशाळा भरल्या, शाळाच कुरणात गेली. महागडी मॉन्टेसरी साधनं परवडणारी नव्हती, मग बिया, शिंपले, पानं, खडे हेच शिक्षणाचं साहित्य झालं. पुढे हे काम कोसबादच्या टेकडीवर बहरलं. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं, अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री.

ही नावं आपण सामान्यज्ञानाच्या पुस्तकात पाठ करतो आणि सोडून देतो. पण नीट बघा. या दोघींनी बालवाडी हे ‘जमेल तसं करायचं’ काम मानलं नाही. त्यांनी प्रयोग केले, नोंदी ठेवल्या, लिहिलं, शिक्षिका घडवल्या. म्हणजे एखाद्या व्यवसायाला व्यवसाय म्हणून उभं राहायला जे जे लागतं, ते त्यांनी केलं. आपण त्यातलं ‘सेवा’ तेवढं उचललं आणि ‘व्यवसाय’ विसरून गेलो.

सेविका, शिक्षिका नव्हे

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. इतक्या लहान मुलांपर्यंत पोचणारी एवढी मोठी यंत्रणा जगात क्वचितच कुठे असेल. पण ती चालवणाऱ्या बाईला आपण काय म्हणतो? सेविका. तिला मिळतं ते काय? पगार नाही, मानधन. २०१८ मध्ये केंद्रानं हे मानधन ३००० वरून ४५०० रुपये केलं, त्यात राज्यं आपापली भर घालतात. त्या बदल्यात तिनं पोषण आहार बघायचा, वजन-उंची मोजायची, लसीकरणाला हातभार लावायचा, गरोदर मातांच्या नोंदी ठेवायच्या, मोबाइलवर माहिती भरायची आणि उरलेल्या वेळात तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शिकवायचं. उरलेल्या वेळात!

डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविका संपावर गेल्या आणि तो संप जानेवारीतही चालू राहिला, हे तुम्हाला आठवत असेल. त्याआधी, एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. अंगणवाडीत शाळापूर्व शिक्षणाचं काम चालतं, याचीही न्यायालयानं दखल घेतली. म्हणजे काम शिक्षणाचं आहे, हे न्यायालयाला मान्य. हुद्दा मात्र अजून सेविकेचाच.

कायद्यातही हीच फट आहे. शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वयासाठी आहे. सहाच्या आतल्या मुलांसाठी राज्यघटनेच्या ४५ व्या कलमात सरकारनं ‘प्रयत्न करावा’ असं म्हटलंय, म्हणजे तो हक्क नाही. २०१९ च्या शैक्षणिक धोरणाच्या मसुद्यात हा कायदा तीन वर्षांपासून लागू करावा अशी शिफारस होती. अंतिम धोरणात ती तशी स्पष्टपणे आली नाही. आकृतिबंध मात्र बदलला. ५+३+३+४ मधली पहिली पाच वर्षं म्हणजे तीन ते आठ वयाचा पायाभूत स्तर. बारावी झालेल्या सेविकांना सहा महिन्यांचं प्रमाणपत्र आणि त्याहून कमी शिकलेल्यांना एक वर्षाची पदविका द्यावी, असं धोरण म्हणतं. आता सांगा, पहिलीच्या शिक्षकाला दोन वर्षांची पदविका लागते आणि पहिलीच्या आधीच्या, जास्त नाजूक वर्षांसाठी सहा महिने पुरतात? हा हिशोब कुणी मांडला?

मग संधी आहेत कुठे?

एवढं वाचून ‘नको रे बाबा’ म्हणून पान उलटू नका. कारण याच काळात या क्षेत्रात बरंच काही नव्यानं उभं राहतंय आणि तिथे शिकलेल्या माणसांची वानवा आहे. कोण काय करतं, हे आधी समजून घेऊ.

अभ्यासक्रम ठरवते एनसीईआरटी. तिनं ऑक्टोबर २०२२ मध्ये पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आणला आणि पुढच्या वर्षी ‘जादुई पिटारा’ हा खेळणी, बाहुल्या, कोडी, चित्रं यांचा संच. शिक्षक घडवणाऱ्या अभ्यासक्रमांना मान्यता देते एनसीटीई. तिच्या निकषांत शाळापूर्व शिक्षणाची दोन वर्षांची पदविका आहे. बारावीनंतरच्या चार वर्षांच्या एकात्मिक अध्यापन पदवीत आता पायाभूत स्तर हा स्वतंत्र पर्याय आहे. तिची प्रवेश परीक्षा म्हणजे एनसीईटी. अंगणवाडी यंत्रणेसाठी प्रशिक्षण आणि संशोधन करते ती निपसिड, १९६६ पासूनची राष्ट्रीय संस्था. २०२५ मध्ये तिला सावित्रीबाई फुले यांचं नाव देण्यात आलं. नोकरी सांभाळून शिकायचं असेल, तर इग्नूची बालसंगोपन आणि बालशिक्षणाची पदविका बारावीनंतर करता येते.

पदवी-पदव्युत्तर पातळीवर ‘मानव विकास’ हा विषय शोधा. गृहविज्ञान शाखेत तो असतो आणि ‘गृहविज्ञान म्हणजे स्वयंपाक’ या गैरसमजापायी आपण तो टाळतो. मुंबईचं निर्मला निकेतन, एसएनडीटी, बडोद्याचं सयाजीराव विद्यापीठ, दिल्लीचं लेडी आयर्विन कॉलेज ही यातली जुनी नावं. दिल्लीच्या आंबेडकर विद्यापीठात तर बालसंगोपन आणि बालशिक्षण या विषयात एम.ए. करता येतं.

आणि नोकऱ्या? सरकारी यंत्रणेत अंगणवाड्यांवर देखरेख करणाऱ्या मुख्यसेविका असतात, त्यांच्या वर बालविकास प्रकल्प अधिकारी. त्यासाठी पदवी आणि स्पर्धा परीक्षा लागते. एमपीएससी करणाऱ्यांपैकी किती जण या पदाकडे स्वतःहून बघतात? बहुतेकांना उपजिल्हाधिकारीच व्हायचं असतं. पण बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याच्या हातात शे-दीडशे अंगणवाड्या असू शकतात. तिथलं पद कुणी ‘मिळालं म्हणून’ घेतलं आणि कुणी विषय समजून घेतलं, यानं हजारो मुलांच्या सकाळी बदलतात.

स्वयंसेवी संस्थांमध्ये मोठं काम आहे. ‘मोबाइल क्रेशेस’ ही संस्था १९६९ मध्ये दिल्लीतल्या एका बांधकामावर, मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघर काढून सुरू झाली. मुंबई आणि पुण्यातही बांधकामांवर असं काम चालतं. ‘प्रथम’ची सुरुवात १९९५ च्या सुमारास मुंबईच्या वस्त्यांमधल्या बालवाड्यांपासून झाली. पालघर जिल्ह्यात, ताराबाईंच्या कर्मभूमीपासून फार दूर नाही, वाडा तालुक्यातल्या सोनाळे इथून ‘क्वेस्ट’ ही संस्था अंगणवाड्यांसोबत मराठीतून काम करते. अशा ठिकाणी प्रशिक्षक लागतात, साहित्य तयार करणारे लागतात, मुलं खरंच शिकतायत का हे मोजणारे लागतात. म्हणजे संख्याशास्त्र, मानसशास्त्र, भाषाशास्त्र, चित्रकला शिकणाऱ्यांनाही दार उघडं आहे.

आणखी काही वाटा. २०१७ च्या दुरुस्तीनंतर मातृत्व लाभ कायद्यानं पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केलीय. ती पाळणाघरं चालवायला आया पुरेशा नाहीत, प्रशिक्षित माणसं हवीत. वाढीत अडथळे असलेल्या मुलांसाठी विशेष शिक्षक हवेत, त्यांच्या अभ्यासक्रमाला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता लागते. मराठीत चांगली चित्रपुस्तकं, खेळणी, गोष्टींचे ऑडिओ हे तर अजून मोकळं रान आहे. वारली, गोंडी, कोरकू, पावरी बोलणाऱ्या मुलांसाठी त्यांच्या भाषेत साहित्य करायचं म्हटलं, तर ती भाषा येणारे तुमच्यातलेच कुणीतरी लागतील.

डोळे उघडे ठेवा

संधी आहेत म्हणजे फसवणूक नाही, असं नव्हे. गल्लोगल्ली ‘इंटरनॅशनल’ पाटीची प्ले-स्कूल उघडतायत. फी बघितली तर डोळे फिरतात आणि शिकवणाऱ्या मुलीच्या हातात महिन्याला काय पडतं ते विचारलं तर मान खाली जाते. ‘तीन महिन्यांत मॉन्टेसरी शिक्षिका’ अशा जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील. मॉन्टेसरी हे नाव कुणीही पाटीवर लावू शकतं. मारिया मॉन्टेसरी यांनी १९२९ मध्ये स्थापन केलेल्या आंतरराष्ट्रीय संस्थेची पदविका वेगळी आणि कोपऱ्यावरच्या क्लासचं प्रमाणपत्र वेगळं.

म्हणून पैसे भरण्याआधी चार प्रश्न विचाराच. अभ्यासक्रमाला मान्यता कुणाची? प्रत्यक्ष मुलांसोबत किती दिवस काम करायला मिळणार? शिकवणाऱ्यांनी स्वतः कधी लहान मुलांना शिकवलंय का? आणि आधीच्या तुकडीतल्या मुली आज कुठे काम करतायत? चौथ्या प्रश्नाला उत्तर टाळलं गेलं, तर काय ते समजून जा.

यात एक मोठी उणीव आहे आणि तीच या विषयाचा गाभा आहे. डॉक्टरांची परिषद आहे, वकिलांची आहे, सीएंची संस्था आहे. बालशिक्षकांचं काय? अंगणवाडी सेविकांच्या संघटना मानधनासाठी झगडतात आणि तो झगडा रास्तच आहे. पण खासगी बालवाडीतली ताई, पाळणाघर चालवणारी बाई, अंगणवाडी सेविका या सगळ्यांना एका व्यवसायाची माणसं मानणारी, नोंदणी करणारी, दर्जा ठरवणारी, त्यांच्या बाजूनं बोलणारी सशक्त यंत्रणा आपल्याकडे नाही. अमेरिकेत अशी राष्ट्रीय संघटना आहे, योगायोगानं तीही १९२६ चीच. तिनं १९८५ मध्ये बालवाड्यांना दर्जाची मान्यता द्यायला सुरुवात केली. कॅनडातल्या ओंटारियोत तर नोंदणी केल्याशिवाय स्वतःला बालशिक्षक म्हणवून घेता येत नाही. तिथेही पगाराची रड आहेच. पण निदान ‘हे कुणीही करू शकतं’ असं तिथला कायदा म्हणत नाही.

आपल्याकडे हे कोण करणार? सरकारनं करावं, जरूर. तीन ते सहा वयाचं शिक्षण हा हक्क व्हावा, मानधनाचं वेतन व्हावं, सेविकेची शिक्षिका व्हावी, अशी मागणी हे पान करतंय. पण व्यवसायाला मान मिळतो तो त्यात शिरणाऱ्या माणसांमुळेही. शिकलेली, प्रश्न विचारणारी, कमी पैशांना ‘नाही’ म्हणणारी, एकत्र येणारी तरुण मुलं-मुली या क्षेत्रात आली, तर ‘आवड म्हणून करते’ ही भाषा बदलेल. आणि हो, मुलगेसुद्धा! गोष्ट सांगणारा, रडणाऱ्याला कडेवर घेणारा, नाक पुसणारा पुरुष ज्या मुलांनी तिसऱ्या वर्षी पाहिलाय, ती मोठी झाल्यावर घरकामाची वाटणी वेगळी करतील, असं मानायला जागा आहे.

सगळ्यांनीच बालशिक्षक व्हावं, असं अजिबात नाही. ज्याला पंचवीस मुलांच्या गलक्यात डोकं शांत ठेवता येत नाही, त्यानं प्रामाणिकपणे दुसरी वाट धरावी. पण ठरवण्याआधी एक करा. कॉलेजच्या एनएसएसमधून किंवा सरळ सेविकाताईंची परवानगी घेऊन, जवळच्या अंगणवाडीत सलग पाच सकाळी जाऊन बसा. फोटो काढू नका, भाषण देऊ नका, खाऊ वाटू नका. नुसतं बघा. ताई काय करते, काय करू पाहते आणि तिला काय करता येत नाही, ते वहीत लिहा.

आणि सहाव्या दिवशी घरी कुणी ‘नुसती बालवाडी?’ असं म्हणालं, तर ती वही त्यांच्या हातात द्या.